आयच्या जहाजाचा विमा

आणि तू म्हणशील, एवढं ओरडायला झालं काय? बा, चौदा वर्षं तू असाच जिंकतो आहेस. मी भांडायचं आणि तू गप्प राहायचं. पण आज ऐकून घ्यावं लागेल, कारण तुझी बायको समुद्रावर निघाली आहे. हो, तीच. जिने दांडीच्या किनाऱ्यावर जन्म काढला, तू आणलेले मासे डोक्यावर घेऊन बोईसरचा बाजार केला, पण होडीला कधी पाय लावला नाही, कारण बाईने होडीत चढायचं नाही असं तुम्ही पुरुषांनी ठरवलेलं. ती आता बाजारातल्या दहा जणींबरोबर मुंबईहून मोठ्या जहाजाने लक्षद्वीपला चालली आहे. चार रात्री, पाच दिवस. जहाजावर पोहायचा तलाव आहे म्हणे. समुद्रावर तरंगणारं तळं! हे ऐकून ती फोनवर किती वेळ नुसती हसत होती. मग गंभीर होऊन विचारते, "तितं मासे ताजे देतात की बर्फातले?" मी म्हटलं, जहाजावर बर्फातलेच. तर म्हणाली, "मंजे समुद्रात बसून शिळे मासे खायचे. मग मी बोंबलाची चटणी नेते." मी म्हटलं, आये, बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, वास येतो. "वास? समुद्राला काय अत्तराचा वास येतो?"

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. बिघडलं ते विम्यावरून.

बोईसरला स्टेशनजवळ एक ट्रॅव्हल्सवाला आहे, त्याने अकरा जणींची तिकिटं काढली. त्याचा मला इथे मस्कतला फोन आला. "भाई, बाकी दस ने इन्शुरन्स नहीं लिया. लेकिन आपकी मम्मी का बीपी है, शुगर है. जहाज पे डॉक्टर का बिल अलग लगता है, और सीरियस हुआ तो बीच समंदर से उठाके लाना पडता है. उसका खर्चा सुनोगे तो आपका बीपी बढेगा. शनिवार सुबह तक बोलो." माणूस विकायलाच बसलाय हे मला कळतं. पण तो खोटं बोलत नव्हता. मी इथे गोदीत काम करतो, जहाजांचं पोट खरवडून रंग मारतो. दोन वेळा असलं प्रवासी जहाज दुरुस्तीला आलं होतं. खालून बघितलं तर इमारत वाटते. एवढ्या मोठ्या इमारतीत दवाखाना दोन खोल्यांचा. ते मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून मी आयला म्हटलं, विमा काढतो.

ती म्हणाली, "निगायच्या आदीच मरनाचं बोलतोस?"

"मरणाचं नाही आये, आजारपणाचं. सामान हरवलं, जहाज रद्द झालं, त्याचंही मिळतं."

"आनि मेली तर?"

"तर त्याचंही मिळतं."

"मग मरनाचंच झालं ना! बाजारात कळलं तर काय बोलतील? हिच्या पोराने आयला समुद्रावर पाटवायच्या आदीच तिचा भाव लावला. विमा काडलास तर मी जानार नाय. तिकीट फाडून टाक."

आणि फोन ठेवला. हा झाला परवाचा प्रकार. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय, आणि ते तिच्यावर नाही फिरलं बा, तुझ्यावर फिरलं. कारण हे सगळं तुझं. निघताना "कधी येणार" विचारायचं नाही. तू निघालास की दाराशी कोणी उभं राहायचं नाही. वाईट बोलायचं नाही, वाईट लिहायचं नाही, म्हणजे वाईट होत नाही. होडीला रंग नवा, इंजिनाला तेल वेळेवर, जाळ्याचं एक भोक तुला सहन व्हायचं नाही. पण ज्या एका कागदावर एक नाव लिहायचं होतं, तिथे तू घाबरलास.

तो दिवस मला पाठ आहे. तू चुलीपुढे पाट घेऊन बसला आहेस, आय खेकडे मोडते आहे, आणि मी मच्छीमार सोसायटीचा अपघात विम्याचा फॉर्म वाचून दाखवतो आहे, कारण घरात नीट वाचता येणारा मी एकटा. सहावीत होतो. नाव, वय, होडीचा नंबर, सगळं तू सांगतोस आणि मी लिहितो. खाली एक चौकट येते. "नामनिर्देशित व्यक्ती". तू विचारतोस, हे काय? मी माझ्या अकलेने सांगतो, "तू मेल्यावर पैशे कोणाला द्यायचे, त्याचं नाव." खेकड्याची नांगी आयच्या हातात तशीच राहते. तू मला मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं. तू फक्त म्हणालास, "जा, तोंड धुवून ये. आनि येताना बर्फ आन." मी आधी मोरीत आणि मग बर्फाला गेलो. परत आलो तेव्हा फॉर्म घडी करून फळीवर ठेवला होता, माझ्या दप्तराच्या वर. दुसऱ्या दिवशी तो मीच सोसायटीत नेऊन दिला. उघडूनही बघितला नाही. कारकुनाने विम्याचे पैसे घेतले, पावती दिली. चौकट रिकामी आहे हे त्याने बघितलं असणार. पण तोही आपल्यातलाच. गावातल्या अर्ध्या फॉर्मांवर ती चौकट रिकामी असायची आणि कोणी कोणाला विचारायचं नाही.

दोन वर्षांनी जाळं ओढताना दोर तुटला आणि तुझ्या कपाळावर बसला. किनाऱ्याला आणेपर्यंत तू राहिला नाहीस.

त्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. विमा होता, दर वर्षी पैसे भरलेले होते, पावती होती. पण पैसे कोणाला द्यायचे ते लिहिलेलं नव्हतं. मग वारस दाखला आणा. त्यासाठी पालघरला कोर्टात अर्ज करा. अर्जाला मृत्यूचा दाखला, लग्नाचा पुरावा, रेशनकार्ड. तुमचं लग्न गावच्या देवळात झालेलं, त्याचा पुरावा कुठला आणायचा? आयला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक तारखेला मी बरोबर. सकाळच्या एसटीने जायचं, बाकावर बसायचं, दुपारी "पुढची तारीख" ऐकून परत यायचं. आय प्रत्येक वेळी धुतलेलं लुगडं नेसायची आणि बाकावर अंग चोरून बसायची, मासळीचा वास कोणाला येऊ नये म्हणून. आठवीतले माझे किती दिवस गेले ते मोजले नाहीत. मास्तरांनी एकदा वर्गात विचारलं, "काय वकीलसाहेब, आज सुट्टी?" सगळी पोरं हसली. त्यानंतर मी शाळेत गेलोच नाही. पैसे आले तेव्हा मी तारापूरला कारखान्यात वय वाढवून सांगून ड्रम धूत होतो. मग वापीला गेलो, मग सुरतेला, मग इथे. एका जागी माझं बूड टिकत नाही असं आय म्हणते. टिकेल कुठून? बसायची वेळ होती तेव्हा मी कोर्टाच्या बाकावर बसलो होतो.

म्हणून आज शुक्रवार, सुट्टी, सगळे झोपलेत आणि मी कॅम्पच्या जेवणघरात बसून तुला हे लिहितो आहे. सकाळी मी ठरवलं की आयला न सांगता विमा काढायचा. ट्रॅव्हल्सवाल्याने फॉर्म मोबाईलवर पाठवला. नाव भरलं, वय भरलं, बीपी आहे का, हो, शुगर आहे का, हो. आणि मग खाली तीच चौकट. वारसाचं नाव. नातं. बाजूला लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुझी युक्ती इथे चालत नाही बा, मशीन ऐकत नाही. मला माझं नाव लिहायचं होतं, चार अक्षरं. आय मेली तर पैसे याला. अंगठा स्क्रीनच्या वर धरून मी किती वेळ बसलो कोण जाणे. स्क्रीन काळी झाली, पुन्हा उघडली, पुन्हा काळी झाली. मला माझाच एवढा राग आला की मी तिला फोन लावला आणि जे इतकी वर्षं बोललो नव्हतो ते सगळं बोललो. म्हटलं, बाने त्या दिवशी तुझं नाव लिहिलं असतं तर मी आज इथे लोकांच्या जहाजांचं पोट खरवडत बसलो नसतो. तो घाबरट होता. आता तू पण तसंच कर.

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "त्याने लिवलं होतं."

"काय?"

"तू बर्फाला गेलास तेवा. तुज्या पिशवीतली पेन्सिल घेतली आनि माजं नाव लिवलं. त्याला माजं नाव तेवडं लिवता यायचं. मीच बोलली, ते नाव तितून काड. माजं नाव तितं रायलं तर उद्या होडी सोडू देनार नाय. तो बोलला, अगं कागद हाय नुसता. मी ऐकलं नाय. तुज्याच पिशवीतला रबर दिला मी त्याच्या हातात."

बा, मला तो फॉर्म आठवला. कोर्टात किती वेळा हातात घेतला असेन. त्या चौकटीत एक राखाडी, मळकट डाग होता. मी समजत होतो तुझ्या हाताचा डाग आहे, मासळीचा. वकिलाला मी लाजून म्हटलंसुद्धा होतं, साहेब, कोळ्याचा हात, माफ करा.

फोन तसाच चालू होता. पैसे जात होते, जाऊ दे म्हटलं. मग मी विचारलं, "हे आधी का नाही बोललीस?" ती म्हणाली, "तू त्याच्यावर रागवायचास. मला वाटलं, त्याच्यावरच राग राहू दे. तो गेला, त्याला काय. मी तुज्यासमोर रोज होती." आणि मग तिच्या नेहमीच्या बाजारातल्या आवाजात, "विमा काडायचा तर काड. पन मला सांगू नको. आनि त्या बायांना तर मुळीच नको. मी इचारनार नाय, तू बोलू नको."

"आणि जाणार ना?"

"जानार नायतर काय? नवी चप्पल घेतली. तो एवडी वर्षं आत जाऊन काय बगायचा, ते एकदा बगते."

तर असं आहे. तुला वाटेल आता माझा राग गेला. नाही गेला. तांडेल तू होतास, होडीवर वारा फिरला तरी कोणाचं ऐकायचा नाहीस, मोठमोठे खलाशी तुझ्यापुढे मान खाली घालायचे. आणि त्या एका जागी बायकोचं ऐकलंस? लिहिलेलं होतं ना! राहू द्यायचं होतंस. तिला म्हणायचं होतंस खोडलं, आणि सोसायटीत जाऊन पुन्हा लिहायचं होतंस. मला सांगायचं होतंस, मी लिहिलं असतं, माझं अक्षर चांगलं होतं. खोटं बोलायचं तुला जमत नव्हतं, हा काय गुण झाला? माझ्या पेन्सिलीने लिहिलंस, माझ्या रबराने खोडलंस, आणि मला बर्फाला पाठवलंस. हे मी विसरणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं, तुझा पत्ता तर माझ्याकडे नाही. वहीतच राहील.

पण एक सांगून टाकतो. इथे कंपनीचाही विमा आहे, सगळ्यांना असतो. ऑफिसातला केरळचा क्लार्क चार वर्षं मला अडवून विचारतो, "भाई, तुम्हारा नॉमिनी का कॉलम खाली है, मम्मी का नाम डालो ना." मी दर वेळी म्हणतो, उद्या. तो म्हणतो, तुम्हारा कल कब आता है? माझ्या कागदावर तर डागसुद्धा नाही बा. मी लिहायला पेन्सिलच उचललेली नाही. उद्या कामावर गेलो की आधी त्याच्याकडे जाईन असं म्हणतोय. बघू.

आयच्या फॉर्मवर मात्र आत्ता माझं नाव लिहिलं. नातं, मुलगा. लाल चांदणी गेली. ट्रॅव्हल्सवाल्याला पाठवतोय एक हजार सहाशे चाळीस रुपये.