बारा बायका, चोवीस हात

२ ऑगस्ट १९९७
बारा बायका मिळाल्या! सगळ्या मांजर्लीतल्या, आमच्याच चाळीतल्या; त्यांत माझी आई, माईही. डाव्या हाताला साधं क्रीम, उजव्याला स्टेरॉइडचं — रोज, तीन आठवडे. मग हातावर चिकटपट्टी लावून ओढायची आणि तिला चिकटलेल्या कातडीतलं कॅटलेज नावाचं एन्झाइम मोजायचं. स्टेरॉइडने ते घटतं का, हाच माझा एम.एस्सी.चा प्रबंध.
शेजारच्या गोदूकाकूंना समजावलं — कॅटलेज कातडीचं रक्षण करतं. त्या म्हणाल्या, "कुठलं कॉलेज? उल्हासनगरचंच ना?"
माईने परस्पर सांगून टाकलं, "हो हो, तेच!" आमच्या घरात चौथीपुढे कुणी गेलं नव्हतं. माझ्या कॉलेजचं नाव निघालं की माई तिथे हजर!

९ ऑगस्ट
रोज विचारते, लावता ना? "लावतो गं बाई!"

२४ ऑगस्ट
पट्ट्या ओढल्या. गोदूकाकू ओरडल्या, "अगं, हात आहे, पाकीट नाही!"

२८ ऑगस्ट
स्टेरॉइड उजव्याला, आणि कॅटलेज घटलंय डाव्यात! साधं क्रीमच घातक? मी शोध लावला! दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

३० ऑगस्ट
तरी खात्रीसाठी काकूंना म्हटलं, लावून दाखवा. पहिली ट्यूब डाव्या हातावर. दुसरीही डाव्यावरच!
"काकू, उजवा?"
"उजव्याला लावायचं तर डाव्या हाताने लावावं लागतं. औषधाला कुणी डावा हात लावतं का?"
बाकीच्यांनाही विचारलं. बाराही जणींनी हेच केलंय. मी कपाळावर हात मारला. उजवाच.

१ सप्टेंबर
माझे गाईड दिनानाथ सर, त्यांना खरं सांगितलं. वाटलं, प्रबंध गेला, वर्ष गेलं. सर हसता हसता खुर्चीतून पडायचे राहिले. मग म्हणाले, "उजवे हात कोरे राहिले ना? त्यांच्याशी तुलना कर. घडलं तसंच लिही."
वाचले!
फक्त एका कोऱ्या उजव्या हाताचं कॅटलेज इतरांच्या डाव्यांहूनही खाली आहे. "तेवढा वगळ," म्हणाले. कसा वगळू? सात नंबर — माई.

३ सप्टेंबर
माईला विचारलं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचच्या बाजारातून आणलेली गोरेपणाची ट्यूब ती दोन वर्षं तोंडाला आणि दोन्ही हातांना लावते आहे. वाचून पाहिलं. तेच स्टेरॉइड, आणखी कडक.
"ते थोडंच औषध आहे?" म्हणाली. मग हळूच, "तुझ्या बी.एस्सी.च्या पदवीच्या फोटोत तुझ्याशेजारी कामवाली का उभी आहे, असं विचारलं होतं गं कुणीतरी."