तुझ्याकडे उरलेला एकच शब्द

आई, परवा रविवारी चर्चमध्ये अंकलनी तुझी गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. उपासनेनंतर तरुण मुलांचा वर्ग भरतो, त्या दिवशी जिभेवर ताबा हा विषय होता, आणि मी चहाचं बघायला म्हणून मागे उभी होते. वर्षानुवर्षं हा वर्ग घेणारे अंकल आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, पण मंडळीत अजून कुणी त्यांचा शब्द खाली पडू देत नाही. त्यांनी मुलांना सांगितलं की आपल्याच मंडळीत एक भगिनी होती, तीस वर्षं तिच्या तोंडून कुणी वावगा शब्द ऐकला नाही, प्रार्थना तर अशी की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत. मग देवाने तिला आजारी पाडलं, आणि तिच्या मनात इतकी वर्षं जे दडलं होतं ते शिवी होऊन बाहेर आलं. तुला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि तू त्या खोलीत धड्यातलं उदाहरण झाली होतीस. मग मी काय केलं ते सांगणार आहे, पण त्याआधी मला तुझ्याशीच भांडायचं आहे. कारण ज्या नियमाने त्यांनी तुला दोषी ठरवलं, तो नियम मी पहिल्यांदा तुझ्या तोंडून ऐकला होता.

मी दहा वर्षांची असेन. आपण चामराजपुरमच्या स्टेशनामागच्या घरात राहतोय, आप्पा अजून आहेत, आणि तू रोज सकाळच्या बसने एच. डी. कोटे गावच्या दवाखान्यात नर्सच्या ड्युटीवर जातेस. त्या दिवशी तुला सुट्टी आहे. दारावर सोप्पु विकणारी बाई आली आहे, तिच्या टोपलीतली पालेभाजी उन्हाने मान टाकून बसली आहे, आणि मी शाळेतून येता येता दप्तरही न उतरवता तिला ‘कळ्ळी’ म्हणते. चोरटी. तू आतून सगळं ऐकलंस. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. तू मला स्वयंपाकघरात नेलंस, ओट्याजवळच्या पाटावर बसवलंस, आणि हुरळीचं, आपल्या कुळथाचं, सार ढवळत विचारलंस, “शाळेत काय झालं?” मी म्हटलं, काही नाही. तू ढवळत राहिलीस. शेवटी मी सांगितलं की बाईंनी सगळ्या वर्गासमोर माझी वही फाडली, माझ्या मराठी वळणाच्या कन्नडवर मुली हसल्या. तू आच कमी केलीस आणि म्हणालीस, “मग ती शिवी तिच्यासाठी नव्हतीच. ती आत तयार होती, समोर कोण आलं ते तिने पाहिलं नाही. तोंड धुऊन काही होत नाही ग, आतलं बघ.” तोवर ती बाई पुढे गेली होती; मला हाताला धरून दोन गल्ल्या पलीकडे तिच्यापाशी नेलंस, आणि मी त्या बाईची माफी मागेपर्यंत बाजूला उभी राहिलीस. तू तिला पाणी दिलंस, तिच्या पोराच्या खोकल्याची चौकशी केलीस.

हा नियम मी आयुष्यभर वापरला. नवऱ्याशी भांडताना, ऑफिसात, मुलाला ओरडताना. चालतो तो. म्हणूनच तो तुझ्यावर उलटला तेव्हा मला तो खोटा म्हणता आला नाही.

तुला पक्षाघात झाला तेव्हा तू एकसष्ट वर्षांची होतीस. चपात्या लाटता लाटता खाली बसलीस आणि उठली नाहीस. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. आठ दिवस तू नुसती बघत होतीस. नवव्या दिवशी हॉस्पिटलातल्या नर्सने तुला चमच्याने गंजी, म्हणजे पेज, भरवली, तू तिच्याकडे बघून हसलीस, अर्ध्या तोंडाने, आणि स्पष्ट म्हणालीस, “बोळीमगने.” बस स्टँडवर, दारूच्या दुकानाबाहेर ऐकू येणारी शिवी. मराठीत ‘रांडेच्या’ म्हणतात तशी. नर्सच्या हातातला चमचा थांबला. सगळ्यात जास्त घाबरलीस तू. पुन्हा बोलायचा प्रयत्न केलास, पुन्हा तेच आलं. तुझी नगरची मराठी गेली, चाळीस वर्षांत शिकलेली कन्नड गेली, माझं नावसुद्धा गेलं, आणि हा एक शब्द राहिला. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी मला समजावून सांगितलं होतं. विचार करून बोलायचं बोलणं मेंदूत एका जागी असतं, शिव्या, मोजणी, पाठ झालेली गाणी दुसरीकडे. एक जागा जळली तरी दुसरी उरते. कितीतरी भल्या माणसांना त्यांनी असं पाहिलं होतं. कोटेच्या दवाखान्यात डोकं फुटून आलेली, दारू प्यायलेली माणसं तुला बारा वर्षं हेच म्हणत होती आणि तू त्यांना टाके घालायला मदत करत होतीस. तू तो शब्द कधी उच्चारला नसशील. पण ऐकला हजार वेळा असशील.

मी खिडक्या लावून घ्यायची, हेही सांगून टाकते. तुला घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस. शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मग हळूहळू मला तुझं बोलणं कळायला लागलं. पाणी हवं असलं की शब्द शेवटी वर चढायचा. नको असलं की तुटायचा. माझ्या मुलाला मांडीवर घेऊन तू त्याच शब्दाला अंगाईची चाल लावायचीस, आणि तो झोपायचा. जेवणाआधी डोळे मिटून तू तो इतक्या सावकाश म्हणायचीस की मी आपोआप हात जोडायची.

त्याच सुमारास अंकल आले. बायकोबरोबर, घरच्या प्रार्थनेसाठी. तुझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी लांबलचक प्रार्थना केली. तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांची प्रार्थना संपली, आम्ही आमेन म्हटलं, आणि तूही म्हटलंस. तुझ्याकडे होता त्या एका शब्दात. त्यांनी हात काढून घेतला. फाटकाशी मी त्यांना सगळं समजावलं, मेंदू, डावी बाजू, उजवी बाजू. ते दुःखी चेहऱ्याने ऐकत होते. मग म्हणाले, “ओळगिद्दद्दु होरगे बंतु, मगळे.” आत होतं ते बाहेर आलं, मुली. आईला पश्चात्ताप करायला सांग, अजून वेळ आहे. ते इतक्या मायेने बोलले की मी त्यांच्यासाठी फाटक उघडून धरलं. तुझ्या खोलीची खिडकी उघडी होती. आता मी खिडक्या लावत नव्हते.

त्या दिवसापासून तू पदराचा बोळा तोंडात धरलास. चार महिने. बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या, सराव करायला सांगायच्या, आता जेवढं बोलाल तेवढे शब्द परत येतील, हाच काळ महत्त्वाचा आहे म्हणायच्या. तू मान हलवायचीस. एक आवाज काढला नाहीस. मी तुझ्यापुढे रडले, ओरडले. तू डाव्या हाताने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवायचीस, मग तोंडाकडे, आणि मान खाली घालायचीस. तुझाच नियम. आई, मी त्याच गोष्टीसाठी तुझ्यावर रागावले आहे. अंकलनी एक वाक्य बोलून पाठ फिरवली, पण ते खरं मानलंस तू. सोप्पुवालीच्या पोराच्या खोकल्याची चौकशी करणारं मन तुझं होतं. टाके पडताना शिव्या देणाऱ्याचं कपाळ पुसणारं मन तुझं होतं. आणि एका जळलेल्या शिरेचं ऐकून तू ते सगळं खोटं ठरवलंस. मी नाही ठरवणार. आत असतं ते बाहेर येतं, हे मलाही मान्य आहे. पण ते नुसत्या शब्दांतून येत नाही. ज्याला शब्दापलीकडचं ऐकायचं नाही त्याने दुसऱ्याच्या मनाचा न्याय करू नये.

पाचव्या महिन्यात मी तुला ओढतच चर्चला नेलं. चाकाच्या खुर्चीतून, पहिल्या बाकाशेजारी. सगळी मंडळी प्रभूची प्रार्थना म्हणायला लागली तेव्हा तुझा पदर सुटला. ती चाल, तो ठेका तुझ्या अंगात मुरलेला होता, आणि तू त्या ठेक्यावर तुझा एकच शब्द म्हणत गेलीस, ओळीमागून ओळ, मोठ्याने. माना वळल्या. एका आईने आपल्या मुलीचे कान झाकले. माझा हात तुझ्या तोंडाकडे गेला होता. मी तो परत घेतला, तुझ्या खांद्यावर ठेवला, आणि प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली. नंतर चर्चचे पाळक हळूच म्हणाले की पुढच्या वेळी मागे बसलात तर बरं. पुढच्या रविवारी मी तुला पुन्हा पुढेच बसवलं. दोन वर्षं, तू जाईपर्यंत. ‘पाणी’ आणि ‘बाळ’ एवढेच दोन शब्द परत आले. ते चार महिने मिळाले असते तर किती आले असते, माहीत नाही.

तर परवा. मी चहाचं ताट खाली ठेवलं आणि मुलांच्या मधून पुढे गेले. म्हटलं, ती भगिनी माझी आई. मग त्यांना तो शब्द सांगितला, जसाच्या तसा. काही मुलं हसली, मग थांबली. मी सांगितलं की त्या एका शब्दात तू पाणी कसं मागायचीस, नातवाला कसं झोपवायचीस. अंकल म्हणाले, बस मगळे, नंतर बोलू. मी म्हटलं, “अंकल, त्या दिवशी तिने तुमच्या प्रार्थनेला आमेन म्हटलं होतं. तुम्हाला शिवी ऐकू आली.” आवाज चढवला नाही. एक वाकडा शब्द वापरला नाही. नंतर दोन मुली येऊन मला बिलगल्या. पाळकांच्या बायकोने माझा हात धरला आणि म्हणाली, किती शांतपणे बोललात, तुमच्या मनात कटुता नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? लिहून झालं की कपाटातल्या कागदांखाली जाईल. पण एक गोष्ट मी पाळकांच्या बायकोला सांगितली नाही. माझं बोलून झालं तेव्हा अंकलचा चष्मा त्यांच्या मांडीवरून खाली पडला. ते वाकले, हाताने फरशी चाचपत राहिले, भलत्याच बाजूला. चष्मा माझ्या पायाशी होता. मी तो उचलला नाही. कितीतरी वेळ बघत उभी राहिले, आणि मला फार बरं वाटलं.