बाबांची कवळी खाडीत पडली

अगं,

घाबरू नकोस, तुझे बाबा सुखरूप आहेत. फक्त त्यांची कवळी खाडीत पडली, म्हणून आम्ही दोघं दातांच्या डॉक्टरांकडे आलोय.

"आज वारा आहे, होडी काढायची नाही," असं तू कामावर जाताना बजावलं होतंस, ते मला आठवतंय. पण बाबा परस्पर गळ घेऊन होडीत जाऊन बसले होते. त्यांना एकट्याला कसं सोडणार? डोंगराच्या आडोशाला पाणी शांतही होतं. वळणापाशी मात्र वाऱ्याने होडी अशी गरगरा फिरवली की माझ्या हातचं एक वल्हं निसटलं. बाबा उभे राहून ओरडले, "गाढवा, डावीकडे वळव!" त्या 'वळव'बरोबर कवळीही बाहेर पडली.

मग उरलेलं वल्हं हिसकावून घेऊन त्यांनीच होडी काठाला लावली. तोवर ते मला सारख्या शिव्या घालत होते. दात नसल्यामुळे निम्म्या कळल्याच नाहीत.

मासा एकच मिळाला, तो मांजराने नेला. ओले कपडे न्हाणीघरात आहेत. रात्री काहीतरी मऊ शिजव, आणि बाबा बोलायला लागले की कृपा करून हसू नकोस.

आपल्या लग्नाला अकरा वर्षं झाली. मी समोर बसलेला असलो तरी ते तुलाच सांगायचे, "त्याला विचार, चहा घेणार का." आज डॉक्टरांकडे निघताना दारात थांबून म्हणाले, "छत्री घे रे, भिजशील."

होडीतल्या शिव्या सोडल्या तर पहिल्यांदाच, थेट मला म्हणाले.