गाऱ्हाण्यातला होकार

४ नोव्हें. ८६, पेडणे
शाळा सुटल्यावर वाड्यावर फिरलो. गोव्याची राजभाषा मराठीच का हवी ते घरोघर समजावलं. चहा सगळ्यांनी दिला, उत्तर कोणीच नाही. घरी सुलूशी (थोरली) पुन्हा जुंपली. म्हापशाच्या कॉलेजात गेल्यापासून कोकणीवाली झालीय. म्हणते, "बाबा, आमी आतां झगडतांव ती भास खंयची?" मी म्हटलं, भांडतो कोकणीत खरं, पण पोथी कुठल्या भाषेत वाचतेस? दोघंही हटेनात. जेवण गार झालं. मजा आली, खोटं कशाला बोलू.

९ नोव्हें.
समजावून समजावून घसा बसला. शेवटी देवळाच्या मानकऱ्याला, बाबल गावकाराला गाठलं. उद्या देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालशील त्यात मराठीचंही घाल म्हटलं. पिकाचं घालतो, गुराढोरांचं घालतो, हे घालायला त्याचं काय जातंय!

१० नोव्हें.
घातलं. "मराठी राजभाषा होवंदे" म्हणताच अख्खा गाव, "व्हय म्हाराजा!" अंगावर काटा आला. सुलू बायकांत उभी, ओठ मिटून. घरी आल्यावर काही बोलू लागली तर मी म्हटलं, "गावान देवासमोर ठरवलां. आतां तुजा पुरे."
ताट घेऊन उठली.

१३ नोव्हें.
तिठ्यावर आमची मराठीवाल्यांची सभा. चिटपाखरू नाही. हॉटेलवाला शंकर म्हणाला, "मास्तर, देवासमोर नाय कोण म्हणतलो?"
कपाळ माझं. एकालाही पटलेलं नव्हतं. मी फक्त तोंडं बंद केली.

१७ नोव्हें.
सुलू भांडत नाही. आज मी मुद्दाम कोकणीची कुचेष्टा केली. "बरोबर आहे, बाबा." शुद्ध मराठीत. अजिबात सहन होत नाही हे.

२१ नोव्हें.
डिचोलीचं स्थळ. मुलगा खाणीवर सुपरवायझर. कॉलेज सोडावं लागेल. एरवी हिने घर डोक्यावर घेतलं असतं. विचारलं, तुला हवंय का? "तुम्ही ठरवाल तसं." आईलाही तेच सांगितलं म्हणे.
पाहुणे आयतारी यायचेत. नकार कळवू? पण तिच्या मनात खरंच असेल तर? तेही पुन्हा मीच ठरवायचं...

२२ नोव्हें.
राहवेना. रांधणीत गेलो. म्हटलं, "गो बाय, तुका कितें दिसता, तुज्या मनांत कितें आसा तें सांग. झगड माज्याकडेन."
तिने चूल सारखी केली. "उद्या चहा किती जणांचा ठेवायचा, तेवढं सांगा."
अजून सांगितलेलं नाही.