धारचे हात

४ ऑगस्ट
पान चौदा पुन्हा फाडलं. माझ्या कॉमिकची नायिका धार, प्रयोगशाळेत वाढवलेली. हात हेच तिचं शस्त्र, आणि या पानावर ती पहिल्यांदा कोणालातरी न मारता हात लावते. तोच हात मला काढता येत नाहीये. ठोसा दिसतो, नाहीतर देवीचा आशीर्वाद.
संध्याकाळी ताई आली, तिच्या पोरीला, आमूला, माझ्याकडे सोडून गेली. सोबत कपड्यांची एक पिशवी. "घरी ठेवलं तं हे तिले पुन्हा रिंगमधी नेतीन," म्हणाली. हे म्हणजे भाऊजी.

६ ऑगस्ट
आमू बोलत नाही. बसली की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते. जेवतानाच काय ते बाहेर काढते.
भाऊजी हिंगण्याच्या कंपनीत. शिफ्टच्या आधी पोरीला मैदानावर न्यायचे, ती पहिलीत होती तेव्हापासून. स्वतःचं बॉक्सिंग राहून गेलेलं. लग्नाकार्यात ओळख करून द्यायचे, "पोरगी नाही, हत्यार बनवलं म्या." सगळे हसायचो. मीही. धारची कल्पना तिथूनच सुचली.
गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या स्पर्धेत आमूच्या ठोशाने कुहीकडची रेणुका पडली. मेंदूत रक्तस्राव. रामदासपेठेत एका दवाखान्यात आहे. डोळे उघडे, ओळख नाही. पंच म्हणाले, सगळं नियमात झालं. झालंच असेल.

९ ऑगस्ट
पुण्याहून संपादकांचा फोन. तिसरा अंक लवकर हवा. माणुसकीबिणुसकी एका पानात आटपा, म्हणाले, पोरांना मारामारी पाहिजे. मी हो म्हटलं.
का म्हटलं हो.

१० ऑगस्ट
आमूने टेबलावरची पानं वाचली. मी भाजी चिरत होते, मागे येऊन उभी राहिली. पहिल्या अंकात धारने ज्या पहारेकऱ्याला मारलं, त्याच्या घरी मग काय झालं, असं विचारलं. ते दाखवलेलं नाही, मी म्हटलं.
"काहून?"
काय सांगणार. त्याला मी चेहराच दिला नव्हता. हेल्मेट घातलं होतं. काढायला सोपं जातं.
आमू म्हणाली, "तिले माणूस बनवाची लय घाई करून राहिली तू, मावशी."
इतक्या दिवसांत एवढंच बोलली. रात्री जेवली नाही.

१३ ऑगस्ट
भाऊजी आले. ग्लोव्हजची पिशवी घेऊनच. खेळात लागतंच, घरात बसून ती पोरगी काही उठणार नाही, निवड चाचणी आली आहे, वगैरे. ओरडले नाहीत. समजावल्यासारखं बोलत होते, ते जास्त वाईट.
आमू भिंतीकडे बघत म्हणाली, "ते पोरगी उभ्याउभ्या शुद्धीतून गेली होती, पप्पा. मले तिच्या डोळ्यात दिसलं. मी थांबलीच होती. तुमी म्हटलं, सोडू नको."
भाऊजी खुर्चीवर बसले. रुमालाने तोंड पुसलं, चष्मा पुसला, पुन्हा तोंड.
"सगळेच बाप म्हणतात गा तसं," माझ्याकडे न बघता म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे.
चहा तसाच राहिला. जाताना पायऱ्यांवर कठडा धरून उतरले. मला त्यांचा राग येत होता, तोही नीट येईना.

१७ ऑगस्ट
आमू स्वतःहून म्हणाली, दवाखान्यात जाऊ. रामदासपेठेत पोचलो तर पलंगावर दुसरीच बाई. नर्सने सांगितलं, घरी नेलं, इथं आता करण्यासारखं काही नव्हतं. चांगल्या सुरात सांगितलं.
आमू पायऱ्यांवर बसून राहिली. लोक तिला ओलांडून जात होते.

२१ ऑगस्ट
पान चौदा सोडून दिलं. पहारेकऱ्याचं घर काढलं. बायको, तिची सासू, दोरीवर त्याचा गणवेश अजून वाळत. धार दारात उभी आहे आणि तिला आत कोणी बोलावत नाही. सलग पाच पानं, एकही ठोसा नाही. आमूने बघितली. सासूचा चेहरा कितीतरी वेळ बघत होती.
पाठवली.

२३ ऑगस्ट
संपादक: चित्रं उत्तम, पण ही आपली धार नाही. अंक दुसऱ्या चित्रकाराकडून करून घेतील. करारानुसार धार त्यांचीच आहे. म्हणजे तो तिला पुन्हा मारायला लावणार. आणि ती मारणार, तिला कोण विचारतं.
दिवसभर पेन्सिल हातात धरवली नाही.

२८ ऑगस्ट
ताईचा फोन, रडत. भाऊजींनी चाचणीला आमूचं नाव देऊन टाकलं. रविवारी आहे. आमूला सांगितलं. बरं, म्हणाली. बरं म्हणजे काय?
मग म्हणाली, त्याच्या आधी कुहीला जायचं.

३० ऑगस्ट
कुहीच्या पुढे गाव. दोन्हीकडे धान. घर विचारत गेलो. आमू दारातूनच म्हणाली, "मी आमू. मीच होती."
रेणुकाची आई बघतच राहिली. वडील आतून आले, टॉवेल खांद्यावर टाकला, बांधाकडे निघून गेले. बाईने मला पाणी दिलं. आमूला नाही.
रेणुका खाटेवर, उशीला टेकवलेली. तोंडातून भाताची पेज ओघळत होती. आई पुसत होती, पुन्हा भरवत होती. मग तिची वेणी घालायला घेतली तर मान एकीकडे पडायची. दोनदा पडली. बाईने वर न बघता म्हटलं, "धर हिले."
आमू हलली नाही. मला वाटलं पळते आता.
खाटेवर बसली, दोन्ही हातांत रेणुकाचं डोकं धरलं.
"घट धर. मान जाते तिची."
वेणी होईपर्यंत धरून होती. रेणुका कुठेच बघत नव्हती. आमू रडली नाही, मीच रडले, तेही बाहेर अंगणात येऊन.
निघताना आमूने विचारलं, पुन्हा येऊ का. बाई दारात उभी राहिली, हाताला तेल लागलेलं.
"येऊ नको नाही म्हणत मी. ये पण नाही म्हणत."
बसमध्ये आमूने विचारलं, म्हणजे काय वं मावशी. मला नाही कळलं, म्हटलं. खरंच नाही कळलं.
उद्या चाचणी. जाणार का, मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.