सुतकाची चटई

लोकांना रडवायचंच होतं तर बापाच्या मयताला यायचं होतंस, सिनेमा कशाला काढलास?

सेमिसी,

काल तुझा सिनेमा चर्चच्या हॉलमध्ये दाखवला. पडद्यावरचा मुलगा बापाच्या शवपेटीवर पडून रडला, तेव्हा सगळं पांगाई गाव नाक पुसत होतं. मी हसले. शेजारची लोसे म्हणाली, "म्हातारे, लाज सोडलीस का?" मी म्हटलं, "अगं, त्याच्या कमरेची चटई बघ. नवीकोरी, लग्नात गुंडाळतात तसली!" मग लोसेनेही नाक पुसणं थांबवलं.

बाप गेला की मुलाने जुनी, फाटकी चटई गुंडाळायची, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. तूही जाणत होतास. ऑकलंडला जाऊन विसरलास, आणि मयताला आलाच नाहीस, मग आठवण कोण करून देणार? तुझ्यासाठी काढलेली चटई अजून दारामागेच आहे.

हे पत्र टपालात टाकत नाही, त्याच चटईत ठेवतेय; घरी येऊन ती उलगडशील तेव्हाच मिळेल. ती कमरेला गुंडाळून बापाच्या थडग्यापाशी ये आणि तिथं उत्तर दे. तूच दे, तुझा तो नट पाठवू नकोस.

तुझी आई,
तुझ्या पोरांनी न पाहिलेली आजी