ओठांवरचे मासे

रत्नागिरी, ९ डिसेंबर २००४

संध्याकाळी मुंबईच्या व्यायामाच्या बाईंचा फोन आला. ह्यांना अर्धांगवायू झाल्यापासून त्या स्पीकरवर सांगतात, "उजवा हात उचला, एक मासा सांगा." हात आणि डोकं एकदम चालायला हवं म्हणे. हे अडले की मी आवाज न करता ओठ हलवते. बांगडा. सौंदाळा. फोनवर कुणाला दिसतंय? ह्यांचा हिरमोड नको म्हणून... खोटं कशाला, गॅसवर भात असतो, लवकर उरकावं म्हणून. जन्मभर होडीवर गेलेला माणूस. मी जरा थांबले असते तर मासे आठवले नसते?

आज बाई म्हणाल्या, "आता बायकोचं नाव सांगा."

ह्यांनी हात उचलला आणि माझ्या ओठांकडे बघत राहिले.

मी हलवले ओठ.

"नसीम," हे म्हणाले.

"शाब्बास!" म्हणाल्या बाई.